लाल दोऱ्याचे तीन वेढे

मॅडमनी फळ्यावर नियम लिहायला घेतले तेव्हाच माझ्या लक्षात आलं की यातले निम्मे माझ्यासाठी आहेत. थरारपट करायचा. पाच मिनिटांचा. माणसं जास्तीत जास्त तीन. भूत नाही, पिस्तूल नाही, शेवटी नायकाला दचकून जाग येणं तर अजिबात नाही. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: 'आधीच्या शॉटमध्ये जे होतं ते पुढच्या शॉटमध्येही असलं पाहिजे.' एवढं लिहून त्यांनी खडू ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळ्या वर्गानेही माझ्याकडे बघितलं.

झालं होतं असं की गेल्या सहामाहीत माझ्या फिल्ममधल्या नायकाचं घड्याळ जिना चढताना डाव्या हातात होतं आणि वर पोचल्यावर उजव्या हातात. मॅडमनी तिथेच फिल्म थांबवून विचारलं होतं, "हा जिन्यात बसून घड्याळ बदलत होता का?" वर्ग हसला आणि मी नापास झाले. या विषयात लागोपाठ दोनदा नापास झालं की अभ्यासक्रमातून नाव कमी होतं. हा झाला कॉलेजचा नियम. घरचा नियम त्याहून सुटसुटीत होता. बाबा म्हणाले होते, "एक संधी. पास झालीस तर काढ तुझे सिनेमे, मी मध्ये बोलणार नाही. नाही झालीस तर पहिल्या तारखेपासून आतोबांच्या ऑफिसात."

आतोबा म्हणजे आमच्या आत्याचे यजमान. त्यांचं कुरिअरचं ऑफिस आहे आणि तिथे दिवसभर पाकिटांचे पत्ते टाइप करायला त्यांना घरचंच कोणीतरी हवं होतं. बाबा नुसत्या धमक्या देणाऱ्यातले नाहीत. त्यांनी त्या नोकरीसाठी माझ्या मापाचा पांढरा शर्ट आणला, स्वतः धुतला, इस्त्री केला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, हँगरला माझ्या नावाची चिठ्ठी लावली आणि दुकानाच्या उजव्या दांडीवर टांगून ठेवला.

उजव्या दांडीचं सांगायला हवं. आमची लाँड्री आहे. लांबट खोली, पुढे काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल आणि दोन्ही भिंतींना छताखालून गेलेल्या दोन लोखंडी दांड्या. आलेले कपडे डाव्या दांडीवर, तयार झालेले उजव्या. उजवीकडे गेलेला कपडा पुन्हा डावीकडे येत नाही, हे बाबांचं ब्रीद. त्यामुळे त्यांच्या लेखी माझं भविष्य धुऊन, इस्त्री होऊन तयार होतं, फक्त ते न्यायला मी यायचं बाकी होतं. दुकानात शिरताना रोज तो शर्ट दिसायचा. मला पत्ते टाइप करायचे नव्हते. मला सिनेमा करायचा होता. हे मी बाबांना तीन वेळा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांनी "इस्त्री गरम आहे, हात सांभाळ" एवढंच उत्तर दिलं होतं.

तर थरारपट. माझ्या जोडीला कॅमेऱ्यावर ढापण्या होता. त्याचा चष्मा इतका जाड आहे की आमच्या वर्गात त्याला खऱ्या नावाने फक्त मॅडम हाक मारतात. आम्ही दोघांनी अकरा दिवस नियोजन केलं. दुपारी दुकान शांत असतं तेव्हा इस्त्रीच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसून आम्ही पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पाठींवर एकेक शॉट काढायचो. मी सांगायची, ढापण्या काढायचा. त्याला माणूस म्हणजे एक गोल आणि पाच काड्या एवढंच येतं, त्यामुळे आमच्या चित्रांत खुनी कोण आणि घरमालकीण कोण हे खाली लिहावं लागायचं. नमनालाच घडाभर तेल गेलं म्हणा, पण मला त्या अकरा दिवसांइतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. रस्त्याने जाताना मला उगाचच दारांच्या फटी दिसायच्या आणि हिच्यात कॅमेरा मावेल का, असं वाटायचं.

गोष्ट साधी होती. एक हसतमुख भाडेकरू. एके दिवशी त्याच्या शर्टावर रक्ताचा डाग. घरमालकीण तो दाराच्या फटीतून बघते. दुसऱ्या दिवशी त्याच्या कपाटात तिला तो शर्ट सापडतो, ती शर्ट उलगडते, डाग ओळखते, आणि मागे तो उभा.

भाडेकरूच्या कामाला मामा मिळाला, कारण तो नाही म्हणू शकत नाही. घरमालकिणीच्या कामाला आई मिळाली, कारण तिला नाही म्हणायची कोणाची हिंमत नाही. रक्तही आईनेच केलं. बीट किसून पिळलं, साखरेचा पाक घातला, रंग टिकावा म्हणून लिंबू. वाटी खिडकीत ठेवली होती तेव्हा बाबा पाणी प्यायला आत आले.

"हे काय?"

"रक्त," मी म्हटलं.

बाबांनी वाटी उजेडात धरली, तिरकी केली, परत ठेवली. "हे सरबत आहे," ते म्हणाले आणि दुकानात निघून गेले. मला इतका राग आला की मी वाटीवर ताटली जोरात आपटली.

कॉलेजचा कॅमेरा आम्हाला शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ सहापर्यंतच मिळणार होता. शनिवारी मामाच्या घरी शूटिंग सुरू केलं. मामा बालवाडीत शिकवतो. पंचवीस वर्षं तीन-तीन वर्षांच्या पोरांसमोर उभं राहून त्याचा चेहरा कायमचा हसरा झाला आहे.

"मामा, अरे तू खून करून आलायस!"

"हो गं, लक्षात आहे माझ्या," मामा म्हणाला आणि हसला. शर्टावर ताजं रक्त, हातात सुरी, आणि चेहरा असा की आता हा टाळ्या वाजवून गाणं म्हणेल. नऊ टेक झाले. दहाव्याला मी म्हटलं, चालू दे, कुणाकुणाला हसरा खुनीही आवडत असेल.

आईची तऱ्हा उलटी. फटीतून नुसतं बघायचं होतं. तिने छातीवर हात ठेवला, मग कपाळावर, मग तोंडावर, मग डोळे फिरवले.

"ताई, नाकाला तेवढा हात लावायचा राहिला," मामा आतून म्हणाला, आणि आईने त्याच दाराच्या फटीतून त्याच्याकडे असं काही बघितलं की मी ओरडले, "हेच! ढापण्या, हे घे!" तो शॉट अप्रतिम आला.

त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे डागाचा क्लोज-अप. छातीवर एक मोठा शिंतोडा, त्याच्या बाजूला दोन लहान. ढापण्याने तो चारही बाजूंनी टिपला. संध्याकाळी आई आणि मी मामाच्या फरशीवरचं बीट पुसत बसलो आणि शर्ट मी ढापण्याच्या हाती दिला. "दुकानात नेऊन टांग. आणि कोणी हात लावणार नाही अशी ठसठशीत खूण कर," मी बजावलं. मी त्या घड्याळाने एकदा पोळलेली होते. आधीच्या शॉटमध्ये जे होतं ते पुढच्या शॉटमध्ये असायलाच हवं होतं.

ढापण्या दुकानात गेला तेव्हा बाबा मागे पाणी भरत होते. त्याला काउंटरवर लाल दोऱ्याचं रीळ दिसलं. लाल म्हणजे धोका, असा साधा विचार करून त्याने शर्टाच्या वरच्या बटणाला लाल दोरा गुंडाळला. एक वेढा नीट दिसेना म्हणून दुसरा. आणि अगदीच कोणाची नजर चुकू नये म्हणून तिसरा.

आता आमच्या दुकानात लाल दोऱ्याचा अर्थ असा: एक वेढा म्हणजे कपड्यावर डाग आहे. दोन वेढे म्हणजे डाग हट्टी आहे. तीन वेढे म्हणजे डाग हट्टी आहे, उद्या सकाळी कपडा हवा आहे, आणि आता सगळी भिस्त तुमच्यावर आहे. तीन वेढे वर्षातून फार तर दोनदा पडतात. ते दिसले की बाबा जेवणसुद्धा विसरतात.

रविवारी सकाळी आठ वाजता मी शॉटची यादी घेऊन दुकानात शिरले. ढापण्या कॅमेरा गळ्यात अडकवून मागोमाग. बाबा काउंटरपाशी हाताची घडी घालून उभे होते. पहाटेपासून उठलेले दिसत होते, पण चेहरा कसा उजळलेला. त्यांनी मानेने उजव्या दांडीकडे खूण केली.

आमचा शर्ट तिथे होता. प्लास्टिकच्या पिशवीत, माझ्या ऑफिसच्या शर्टाशेजारी. दोन्हींत पांढरा कुठला जास्त हे सांगता आलं नसतं.

"एक ठिपका दाखव," बाबा म्हणाले. "एक ठिपका राहिला असेल तर दुकान बंद करतो."

मी पिशवी फाडली, शर्ट उजेडात धरला, उलटा केला. माझं सगळं भविष्य त्या तीन शिंतोड्यांवर होतं आणि ते शिंतोडे गटारात वाहून गेले होते.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडले.

बाबांनी बटणावरचे तीन वेढे दाखवले. मी ढापण्याकडे बघितलं. ढापण्याने चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसू नये.

मग पुढचा अर्धा तास नुसता गोंधळ. बीट संपलं होतं. ढापण्याने मोबाइलवरचा फोटो बघून लाल शाईने डाग रंगवायचा प्रयत्न केला, त्याचं फुलपाखरू झालं. बाबांनी तेही धुऊन दिलं. सगळंच पहिल्यापासून शूट करावं तर सहाला कॅमेरा परत द्यायचा होता, आणि पुन्हा कोरा शर्ट एकच. मी उजव्या दांडीवरच्या माझ्या शर्टाकडे हात केला. "निदान तो तरी द्या. दोन शर्ट असले तर काहीतरी करता येईल."

"त्याला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "तो तयार आहे."

तिथे माझा बांध फुटला. मी त्यांना नको नको ते बोलले. की तुम्हाला कपड्यापलीकडे काही दिसत नाही. की माझं काम तुम्हाला कधी काम वाटलंच नाही. की तुम्हाला मी नापास व्हायलाच हवी आहे. हे शेवटचं बोलले आणि मलाच वाईट वाटलं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, आता ती परत कशी घेणार?

बाबा एकच रुमाल पुन्हा पुन्हा इस्त्री करत होते. इस्त्री न थांबवताच म्हणाले, "मला वाटलं, तूच पाठवलायस."

"काय?"

"शर्ट. बीट आहे हे हात लावताच कळलं मला. म्हणजे तुझ्या सिनेमाचा. म्हटलं, पोरीने आजवर कधी मला काम सांगितलं नाही. आज सांगितलंय. तेही तीन वेढे घालून." त्यांनी रुमालाची घडी घातली. "म्हणून जीव लावून केलं."

रागाने भरलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. बाबांना मात्र गप्प बसवेना, कारण बोलून झाल्यावर ते नेहमी कामाकडे वळतात. "तसा सोपा होता डाग," ते म्हणाले. "बीट, पाक, लिंबू. काल दुपारी चारच्या सुमाराचा. चमच्याने उडवलाय, उजव्या हाताने. आणि शर्ट घातलेला माणूस उभा नव्हता, खुर्चीत बसला होता. त्यातून तो हलला. म्हणून बाजूचे दोन थेंब तिरके."

ढापण्याने चष्मा घातला. काल चारच्या सुमाराला मामा खुर्चीत बसला होता, मी चमच्याने डाग उडवला होता, आणि त्याला गुदगुल्या होऊन तो हलला होता.

"बाबा," मी म्हटलं, "हे तुम्हाला डाग बघून कळलं?"

"न कळायला काय झालं? डाग निघतो गं. पण काढणाऱ्याला कळतंच ना, कशाचा होता ते."

मी शॉटची यादी फाडून टाकली. ढापण्याला वाटलं, मी हाय खाल्ली. पण मला सगळी फिल्म समोर दिसत होती. भाडेकरू पुरावा मिटवायला शर्ट लाँड्रीत देतो. डाग निघून जातो. निघायलाच हवा! शर्ट कोरा करकरीत होतो आणि आता अख्ख्या जगात फक्त एका माणसाला माहीत असतं की तो डाग कशाचा होता. आणि त्या माणसाकडे खुनी शर्ट न्यायला येतो.

"लाँड्रीवाला कोण?" ढापण्याने विचारलं.

आम्ही दोघांनी एकदमच बाबांकडे बघितलं.

"वेड लागलंय का?" बाबा म्हणाले. "आज चौतीस कपडे द्यायचेत मला."

पण ते ज्या नजरेने त्या कोऱ्या शर्टाकडे बघत होते त्यावरून मी ओळखलं की आपण काय करून बसलो हे त्यांना आता पुरतं समजलं होतं. त्यांनी इस्त्रीची वायर काढली. "कुठे उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

ते नेहमी जिथे उभे राहतात तिथेच उभं राहायचं होतं. तरी पहिले सहा टेक वाया गेले. मी घाईघाईने लिहून दिलेली वाक्यं बाबा अशी म्हणत होते की दवाखान्याबाहेरची सूचना वाचताहेत. समोर मामा उभा राहून गोड हसत होता. थरार सोडा, दोघे मिळून एखाद्या बारशाचं आमंत्रण देताहेत असं वाटत होतं. बारा वाजून गेले होते. आई शटरबाहेर उभी राहून कंटाळली होती. फिल्मच्या शेवटी मी इशारा केला की तिने शटर धाडकन खाली ओढायचं, म्हणजे खुनी आणि लाँड्रीवाला आत कोंडले जाणार आणि फिल्म संपणार, असं ठरलं होतं.

मी ढापण्याला टांगलेल्या कपड्यांच्या मागे उभं केलं आणि कानात सांगितलं, काही झालं तरी कॅमेरा बंद करू नकोस. मग बाबांना म्हटलं, "वाक्यं विसरा. मामा गिऱ्हाईक आहे. रोज गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोला."

बाबांनी सुस्कारा सोडला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मामाकडे बघितलं. म्हणजे मामाकडे नाही, त्याने अंगात घातलेल्या शर्टाकडे. बराच वेळ बघत राहिले.

"डाव्या बाहीला खडू," ते हळूच म्हणाले.

मामा हसला. बालवाडीचा माणूस, खडू असणारच.

"कॉलरला केसांचा रंग. परवाचा."

मामा जरा कमी हसला.

"आणि खिशाच्या खाली हे."

"काय?"

"चॉकलेट."

मामाचं हसू गेलं. माझ्या आयुष्यात मी ते पहिल्यांदा जाताना बघितलं. गोष्ट अशी की मामाला साखरेचा त्रास आहे, डॉक्टरांनी गोड साफ बंद केलंय, आणि त्याच्यावर पहारा ठेवायचं काम आईने स्वखुशीने पत्करलंय. आणि आई दोन हातांवर, शटरबाहेर उभी होती.

"आजचं आहे," बाबा शांतपणे म्हणाले. त्यांनी काउंटरवर थोडं पुढे वाकून बघितलं. "घाईत. भिंतीकडे तोंड करून."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते मी डोळ्यांनी बघत होते. मामाच्या कपाळावर घाम आला. त्याचे डोळे शटरकडे गेले, परत बाबांकडे आले. त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि कुजबुजला, "हळू बोला, भावोजी."

"निघेल का?" त्याने मग विचारलं.

"निघतो हो," बाबा म्हणाले. "पण काढणाऱ्याला कळतंच ना, कशाचा होता ते."

बाहेर आईने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्या इशाऱ्याची वाट बघितली नाही. शटर असं काही कोसळलं की उजव्या दांडीवरचे सगळे कपडे हलले आणि मामा जागच्या जागी उडाला. बाबांनी मान वर केली, शांतपणे. आणि त्या अर्ध्या अंधारात दोघे एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"कट," मी हळूच म्हटलं.

पुढची पाच मिनिटं शटरच्या पलीकडून आई काय काय बोलत होती ते इथे देत नाही. शटर उघडल्यावर तिने भावाचे दोन्ही खिसे उलटे केले, तेव्हा आणखी दोन चॉकलेटं निघाली. त्यातलं एक ढापण्याला मिळालं, एक मला. शेवटी कोऱ्या शर्टाचा आणि बटणावरच्या तीन लाल वेढ्यांचा क्लोज-अप घेतला आणि पावणेसहाला कॅमेरा परत केला.

सोमवारी दिवसभर एडिटिंग. 'भावोजी' कापलं, 'चॉकलेट' कापलं. मामाचं घड्याळ, बटणं, केसांचा भांग, सगळं मी चार-चारदा तपासलं. रात्री ढापण्या म्हणाला की आता यात चूक निघाली तर तो चष्मा खाईल. फिल्मला आम्ही नाव दिलं 'तीन वेढे'.

मंगळवारी दुपारी वर्गात सगळ्यांच्या फिल्म दाखवायच्या होत्या. काम केलेल्यांना यायची परवानगी होती. मामाची शाळा होती. आई आली. आणि तिच्यामागे बाबा. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांनी दुकान बंद केल्याचं मला तरी आठवत नाही. शटरवर 'दोन तासांत येतो' अशी पाटी लावून आले होते. शेवटच्या बाकावर ताठ बसले. मी जवळ गेले तेव्हा माझ्या कानाशी पुटपुटले, "तुझ्या मॅडमच्या बाहीला शाई आहे. जुनी." मला हसू आलं.

दिवे मालवले. मामा हसत हसत रक्ताळलेला शर्ट लपवू लागला तेव्हा पुढे कोणीतरी खुदकन हसलं. आईचा तो फटीतला चेहरा आला तेव्हा हसणं थांबलं. मग दुकान आलं. रोजचंच आमचं दुकान, पण कपड्यांच्या आडून बघताना ते मला ओळखू येईना. बाबा चष्मा डोळ्यांवर घेऊन म्हणाले, "आणि खिशाच्या खाली हे." वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मामाचं हसू गेलं. "पण काढणाऱ्याला कळतंच ना," आणि शटर कोसळलं. पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळली.

मला आनंदाने नाचावंसं वाटलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मागे घ्या. शर्टावर."

पडद्यावर डागाचा क्लोज-अप आला. मग कोरा शर्ट. मॅडमनी परत डाग बघितला, परत कोरा शर्ट. मला घड्याळ आठवलं, जिना आठवला, पाकिटांचे पत्ते आठवले.

"आधी होता, नंतर नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि का नाही, हीच गोष्ट. छान. हे कसं सुचलं?"

मी ढापण्याकडे बघितलं. "चुकून," ढापण्या म्हणाला.

"चुका अशाच करत जा," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. "पास. फक्त एक. ते पहिल्या भागातलं रक्त सरबतासारखं दिसतंय."

"मी तेच म्हणत होतो," मागच्या बाकावरून आवाज आला.

सगळा वर्ग वळला. क्षणभर कोणाला कळेना, मग एकदम कळलं की हाच तो लाँड्रीवाला. टाळ्यांनी वर्ग दणाणला. बाबा उठून उभे राहिले, कारण एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत तर बसून राहणं बरं दिसत नाही असं त्यांना वाटलं असावं. मी रडत होते आणि हसत होते आणि आई मला रुमाल देत होती, इस्त्री केलेला.

घरी जाताना बाबा आधी दुकानात शिरले. मी मागोमाग गेले. त्यांनी शटर वर केलं, पाटी काढली, आणि इस्त्री लावायच्या ऐवजी उजव्या दांडीवरून माझा ऑफिसचा शर्ट खाली घेतला. प्लास्टिक काढलं. माझ्या नावाची चिठ्ठी काढून खिशात ठेवली. मला वाटलं, आता घडी घालून कपाटात ठेवून देणार.

"आत जाऊन बीटाचा रस घेऊन ये," ते म्हणाले. "काळा चहाही आण. दाट."

आईने बाजारातून नवं बीट आणलंच होतं, मी रस काढून आणला आणि चहाही. त्यांनी एका वाटीत रस ओतला, त्यात चहा घातला, बोटाने ढवळला, उजेडात धरला, आणखी चहा घातला. "रक्त वाळलं की कडेला काळपट होतं, मध्ये फिकं. गुलाबी तर कधीच नाही." शर्ट टेबलावर पसरला. चमचा भरून घेतला आणि थांबले. तीस वर्षांत या माणसाने एकही डाग पाडला नव्हता. मग त्यांनी चमचा उडवला. पांढऱ्या छातीवर एक मोठा शिंतोडा, बाजूला दोन लहान.

आम्ही दोघे वाकून बघत राहिलो. डाग हळूहळू कडेने गडद होत गेला. अगदी खरा दिसत होता.

"पुढच्या सिनेमाला," बाबा म्हणाले. त्यांनी शर्ट उचलला आणि डाव्या दांडीवर नेऊन टांगला.

"बाबा," मी कसंबसं म्हटलं, "आतोबांना काय सांगायचं?"

ते इस्त्रीची वायर लावत होते. मान वर न करताच म्हणाले, "सांग, शर्टाला डाग पडलाय. निघत नाही म्हणावं."